नेपाळच्या मंडळीत (चर्चमध्ये) पंधरा दिवस राहायला जातोय, मदत हवी आहे

सलाम मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर, चाळीसेक घरं आणि एक पेटी, जिची काळी चारची पट्टी पावसाळ्यात दाबली की वरच येत नाही. आमच्या पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) बायबल कॉलेजातले एक वर्गबंधू आता नेपाळात, चितवनच्या एका खेड्यात पाळक आहेत. त्यांनी नोव्हेंबरात बोलावलंय. पाळक, मी, माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाई आणि तरुण संघाची सहा पोरं, असे नऊ जण. ऐन कापूस वेचणीत जातोय म्हणून घरात जे ऐकून घेतलंय ते इथं लिहीत नाही.

पोरं याला 'मिशन ट्रिप' म्हणतात. मला तो शब्द जड वाटतो. मिशनरी आमच्याकडे आले, त्यांनी दवाखाने-शाळा काढल्या, आम्ही घेणारे. आता आपण कोणाला काय शिकवणार? सासूबाईंचं आपलं एकच, "शिकवाले नाई, भेटाले जाऊन राहिलो आपन."

आता अडचणी. तालुक्याच्या एका एजंटनं 'नेपाळ परमिट' म्हणून माणशी १,५०० सांगितले, अर्धे देऊन बसलोय. हे खरंच लागतं का? सासूबाईंकडे फक्त आधार आहे, एका मुलीचं वय १६, तिच्याकडे पासपोर्ट नाही. दुसरं, तिथली उपासना म्हणे शनिवारी असते. ते ऐकून सासूबाईंना शंका आलीय की ही मंडळी कोणत्या पंथाची. पोरांनी हिंदीत २०० पत्रकं छापून आणलीत. आणि पेटी न्यावी का? गीतं तर आमची मराठीच.

प्रतिसाद : जुनी_लालपरी

ताई, आधी त्या एजंटकडून पैसे परत मागा. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसाही लागत नाही आणि परमिटही नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हीतलं एक पुरतं. ६५च्या वरच्यांना आणि १५च्या आतल्यांना आधार चालतं, म्हणजे सासूबाई सुटल्या. अडेल ती १६ वर्षांची. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत घ्या, नंतर साहेब सापडत नाहीत.

नागपूरहून गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, सीमा पायी ओलांडली की भैरहवा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, पण शंभराच्याच नोटा जास्त ठेवा.

प्रतिसाद : तुरीची_डाळ

मी लग्नाआधी दोन वर्षं तिकडे नर्स होते. शनिवारचं टेन्शन नको, नेपाळात आठवड्याची सुट्टीच शनिवारी. आपण रविवारी जमतो तसे ते शनिवारी, पंथाचा काही संबंध नाही.

चपला बाहेर, बसणं चटईवर, बहुतेक ठिकाणी बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. भेटताना 'जय मसीह'. प्रार्थना सुरू झाली की सगळे एकदम मोठ्यानं बोलतात, एकामागून एक नाही. पहिल्या शनिवारी मी डोळे उघडून पाहिलं, शेजारची म्हातारी हात वर करून भांडल्यासारखी देवाशी बोलत होती. माझी प्रार्थना तिथंच थांबली. भजनाचं पुस्तक देवनागरीत, त्यामुळे वाचता येतं, गाताही येतं, अर्थ मात्र अर्ध्यावर अडतो. चर्चला ते 'मण्डली'च म्हणतात. फक्त वडीलधाऱ्या माणसाला 'भाई' म्हणू नका, तिकडे 'भाइ' म्हणजे धाकटा. मोठ्याला 'दाइ', मोठ्या बाईला 'दिदी'.

पेटी घरी ठेवा. त्यांच्याकडे मादल नावाचा छोटा ढोल असतो, कुशीत आडवा धरून दोन्ही हातांनी वाजवतात. आपली अभंगाच्या चालीतली भजनं त्यावर इतकी चपखल बसतात की बस. टाळ न्या.

जेवण सकाळी दहाला आणि रात्री, दोन्ही वेळा दाळ-भात-भाजी. भाकरीची आठवण येईल. ठेच्याची बरणी न्याच. नोव्हेंबरात तिकडे धान कापणी असते, तुमच्या पोरांना विळा चालवता येतो ना? मग काय करायचं हा प्रश्नच नाही.

प्रतिसाद : वऱ्हाडी_ठेचा

पत्रकांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ती गावातच ठेवा. नेपाळच्या २०१५च्या संविधानात कलम २६ आहे आणि २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेतही तरतूद आहे. दुसऱ्याचं धर्मांतर केलं किंवा त्याला उत्तेजन दिलं तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. आपण मजेत सोनौलीला परत येऊ, चौकशी होईल ती त्या पाळकांची. पोरांना फेसबुक लाइव्ह आणि बाप्तिस्म्याचे फोटोही टाकू देऊ नका.

शिवाय दशैं, म्हणजे तिकडचा दसरा, नुकताच झालेला असेल. तिथले विश्वासी घरच्यांच्या हातचा टीका (कपाळावरचा टिळा) लावून घेत नाहीत, त्यावरून वर्षभर अबोला राहतो. तुम्ही स्वतःहून विचारू नका, ते सांगतील तर ऐका.

धागाकर्ती

तुरीची_डाळ ताई, ठेचा भाऊ, लालपरी, सगळ्यांना सलाम. पत्रकांचा गठ्ठा पाळकांच्या कपाटात गेला, पोरं दोन दिवस रुसली. मुख्याध्यापकांकडे उद्या जाते. एजंट म्हणतो 'फाइल पुढे गेली', म्हणजे ते पैसे गेलेच समजायचे.

पेटी राहिली म्हणून सासूबाई जरा नाराज होत्या. मग ठेच्याचं सांगितलं, तर मिरच्या आतापासून निवडून राहिल्या आहेत. मादल कसा असतो ते मोबाइलवर दाखवलं, म्हणाल्या, "हा तं आपल्या ढोलकीचा भाऊच हाय."

आता एकच. राप्तीसागर एक्सप्रेसचं नागपूर-गोरखपूर वेटिंग कितपत कन्फर्म होतं? नऊ तिकिटांत एकट्या सासूबाईंचंच लागलंय, तेही अप्पर बर्थ.