वैद्यकीय प्रवेशाची निवडपद्धत बदलल्याने विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारेल का?

प्रश्न | शरीरक्रिया_अध्यापिका

मी विदर्भातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाला शिकवते. प्रवेशाचा आनंद ओसरण्याआधीच थकलेली दिसणारी मुले आता दरवर्षी वर्गात असतात. त्यांतील अनेकांनी बारावीनंतर ‘ड्रॉप’ घेऊन ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा दिलेली असते, आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेत गुण घसरले की ती वर्गातच यायची थांबतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन सर्वेक्षणात भाग घेतलेल्या २५,५९० एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. सर्वेक्षण ऐच्छिक असल्याने हा आकडा सरसकट सर्वांना लावता येणार नाही, तरी तो बाजूला सारण्यासारखाही नाही.

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की नीटच्या गुणांना मुलाखतीची आणि मानसशास्त्रीय चाचणीची जोड द्यावी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तशी पद्धत आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही नीट येण्यापूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि तीत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. निवडीच्या टप्प्यावरच ताण पेलू शकणारी मुले ओळखता आली, तर पुढची हानी टळेल का? ही दिशाच मुळात योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १ | मनोविकारतज्ज्ञ

माझे स्पष्ट मत असे, की निवडीच्या टप्प्यावर ‘कणखर’ मुले वेचून काढण्याचा विचार सोडून द्यावा. चाचणीवर प्रवेश अवलंबून आहे हे कळताच तिची अपेक्षित उत्तरे शिकवणारे वर्ग निघतील. आणि ज्या मुलाने अकरावीत असताना नैराश्यासाठी उपचार घेतले, तो ती गोष्ट दडवायला शिकेल. सध्या मुले वेळेवर मदत मागत नाहीत हीच आमची मोठी अडचण आहे आणि अशा चाचणीने ती वाढेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा रोख मानसिक आजार असणाऱ्यांशी भेदभाव होऊ नये असा, म्हणजे या चाळणीच्या नेमका उलट आहे.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की वैद्यकीय शिक्षण सुरू करताना तेथील विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य समवयस्क पदवीधरांपेक्षा चांगले होते. म्हणजे दुबळी माणसे आत येतात असे नाही, तर आत आल्यावर त्यांचे काहीतरी बिघडते. आपल्याकडे बिघाड आणखी आधी, शिकवणीच्या वर्षांतच, सुरू होत असावा असे माझ्याकडे येणाऱ्या मुलांवरून मला वाटते.

मुलाखतच घ्यायची असेल, तर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने विकसित केलेली छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत नेहमीच्या एका मुलाखतीपेक्षा अधिक भरवशाची आहे. पण ती संवादकौशल्य आणि नैतिक विचार पाहते, पुढे कोणाला नैराश्य येईल हे सांगत नाही. शिवाय २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. त्यांतील थोड्यांच्याच मुलाखती घ्यायच्या म्हटल्या, तरी त्या निष्पक्षपणे कोण घेणार?

प्रतिसाद २ | युट्रेख्टहून

नेदरलँड्समध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर अगदी वेगळे होते, म्हणून ते येथे नोंदवते. १९७० च्या दशकापासून तेथे वैद्यकीय जागांसाठी भारित सोडत काढली जाई. शालान्त परीक्षेत ज्याचे गुण जास्त, त्याचे नाव निघण्याची शक्यता जास्त. तरी खात्री कोणालाच नसे. अतिशय हुशार मुलेही वगळली जाऊ लागल्यावर लोकमत खवळले आणि दहापैकी सरासरी आठ किंवा अधिक गुण असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. २०१७ पासून सोडत बंद होऊन प्रत्येक विद्यापीठाने आपापली निवड करायची असे ठरले. पुढे दिसले ते असे, की ज्यांचे आईवडील आरोग्यक्षेत्रात आहेत त्यांची निवड होण्याची शक्यता जास्त आणि स्थलांतरित किंवा कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांची कमी. अखेर २०२३-२४ पासून विद्यापीठांना सोडतीची मुभा पुन्हा मिळाली.

भारतात सोडत कोणी मान्य करणार नाही, हे मला ठाऊक आहे. मात्र एका बाबतीत तिचे मोल मोठे आहे, असे मी मानते: सोडतीत नाव न निघालेल्या मुलीला ‘मी कमी पडले’ असे वाटून घेण्याचे कारण उरत नाही, आणि निवडला गेलेला मुलगाही स्वतःला क्रमांकाने मोजत वर्गात येत नाही.

प्रतिसाद ३ | तृतीय_वर्ष

मी स्वतः रिपीटर आहे. नीटमध्ये ७२० गुण आणि १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक वजा, म्हणजे एका प्रश्नाने पाच गुणांचा फरक पडतो आणि तेवढ्याने क्रमवारीत हजारो मुले पुढे जातात. याच हिशेबात वर्षे काढून आम्ही येथे येतो. येथे मात्र दीर्घोत्तरे लिहायची असतात, तोंडी परीक्षेत समोर बसून इंग्रजीत बोलायचे असते, आणि प्रथम वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधी असतात. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या सोबत्याला उत्तर येत असूनही तोंडी परीक्षेत बोलता येत नसे.

मॅडम, मुले मनोविकार विभागात का जात नाहीत, तेही सांगतो. त्याच बाह्यरुग्ण विभागात आमचे वरिष्ठ विद्यार्थी काम करतात आणि त्याच विभागाचे शिक्षक पुढे आम्हाला शिकवणार असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर आहे, परंतु आपल्या संस्थेबाहेरचा एखादा समुपदेशक ठरलेल्या दिवशी वसतिगृहाजवळ बसला, तर मुले नक्की जातील.

प्रश्नकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. चाचणीचा प्रस्ताव मी विभागात मांडणार नाही. बाहेरच्या समुपदेशकाची मागणी अधिष्ठात्यांकडे लेखी करेन, आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण फलकावर न लावता प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवावेत, असेही सुचवेन. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला एक विचारते: तोंडी परीक्षेचा सराव पहिल्या महिन्यातच, गुण न देता आणि सुरुवातीला मराठीत घेतला, तर तुमच्या सोबत्यासारख्या मुलांना त्याचा उपयोग होईल का?

तृतीय_वर्ष

होईल, मॅडम. फक्त तो सराव सर्वांसमोर न घेता चार-पाच जणांच्या गटात घ्यावा, आणि त्यात आमच्यासारखे वरच्या वर्गातील विद्यार्थीही असावेत.