मदत हवी आहे: आंबिल ओढ्याच्या मॉडेलमध्ये तळाच्या गाळातलं जस्त कसं धरायचं?

नमस्कार मंडळी. पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रबंधासाठी मी पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं मॉडेल करते आहे. कात्रजच्या तलावापासून सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलाखालून ओढा मुठेला मिळतो, तेवढाच पट्टा. प्रदूषक एकच, जस्त. वळीव तोंडावर आलाय. नमुने कुठे आणि कसे घ्यायचे हे आत्ताच ठरलं नाही तर पहिली सर हातची जाईल आणि थेट पुढच्या वर्षाची वाट बघावी लागेल, म्हणून घाईने लिहितेय.

जस्तच का? पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, पण टायरमधलं जस्त चालूच आहे. टायरच्या रबरात साधारण एक टक्का झिंक ऑक्साइड असतं आणि झिजलेलं रबर रस्त्यावरच पडतं. वर गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांची छपरं आहेतच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ‘जस्ताने काय बिघडतं’ असं सर्रास ऐकू येतं. ती मर्यादा माणसासाठी आहे. जलचरांसाठीचा अमेरिकी निकष, पाण्याची कठीणता १०० मिलिग्रॅम असताना, लिटरला ०.१२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सुमारे चाळीस पटीने कडक. तोही विरघळलेल्या जस्तासाठी. त्यामुळे नुसतं एकूण जस्त काढून माझं काम भागत नाही.

मी एसडब्ल्यूएमएम हे शहरातल्या पावसाच्या पाण्याचा प्रवाह आणि प्रदूषण काढणारं सॉफ्टवेअर वापरतेय. कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ साचते, पाऊस ती धुऊन नेतो, आणि जस्त त्या धुळीचा ठरावीक हिस्सा म्हणून सोबत जातं, अशी मांडणी केली आहे. प्रवाह ठीक जुळतो. जस्त जुळत नाही. मॉडेलमध्ये त्याचं शिखर पाण्याच्या शिखराच्या आसपास येतं. गेल्या मोसमातल्या माझ्या नमुन्यांत ते त्याच्या बरंच आधी, पाणी नुकतं चढायला लागतं तेव्हाच दिसतं. वॉशऑफचा गुणांक (पाऊस साचलेली धूळ किती वेगाने धुऊन नेतो तो आकडा) वाढवला की आलेख जुळतो, आणि मार्गदर्शकांचंही म्हणणं आहे की तसं करून पुढे जा.

मला ते पटत नाही, कारण पुलावरून डोळ्यांना वेगळंच दिसतं. सर यायच्या आधी ओढ्यात मैलापाण्याची बारीक धार असते आणि कडेला काळ्या गाळाचे थर, त्यातून बुडबुडे येत असतात. पाऊस सुरू झाला की आधी पाणी काळं होतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, गाळाच्या खपल्या सुटून तरंगत जातात. मातकट पाणी येतं ते त्यानंतर. माझ्या मते ते पहिलं जस्त रस्त्यावरचं नाहीच, तळातलं आहे. तिथे ऑक्सिजन नसतो, सल्फाइड भरपूर असतं, आणि जस्त त्याच्याशी बांधलं जाऊन वर्षभर साठत राहतं. गाळ ढवळला गेला की त्यातलं काही पाण्यात सुटणारच.

अडचण अशी की या सॉफ्टवेअरमध्ये ओढ्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे पूर्ण ढवळलेली टाकी. प्रदूषक आत येतो, मिसळतो, फार तर ठरावीक वेगाने घटतो. तळ, साठा, पुन्हा उचल, यातलं काही त्यात नाही. मग सगळं सोडून डब्ल्यूएएसपी या पाण्याच्या गुणवत्तेच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू का? त्यात गाळाचे थर आहेत, पण इतक्या उथळ आणि उसळणाऱ्या ओढ्यासाठी ते कोणी चालवलं आहे का? आणि विरघळलेलं व कणांना चिकटलेलं जस्त हे दोन वेगळे प्रदूषक धरावेत का? वाटपाचा गुणांक (कणांवरचं जस्त आणि विरघळलेलं जस्त यांचं प्रमाण) किलोला १०,००० लिटर धरला, तर पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कण असताना निम्मं जस्त विरघळलेलं राहतं, आणि कण १,००० मिलिग्रॅम झाले की जेमतेम नऊ टक्के. एकाच सरीत कण इतके बदलतात, मग हिस्सा ठरावीक कसा धरायचा?

प्रतिसाद

ताई, सॉफ्टवेअर बदलण्याआधी तुमचा अंदाज खरा आहे का ते तपासा, ते स्वस्तात होतं. पुलावर कंडक्टिव्हिटी मीटर लावा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ती वाहकता मोजणारं यंत्र. मैलापाण्याची वाहकता जास्त असते, पावसाच्या पाण्याची अगदी कमी. वाहकता वरच असताना जस्ताचं शिखर आलं, तर ते ओढ्यात आधीपासून होतं. वाहकता कोसळल्यावर आलं, तर रस्त्यावरचं. त्याच सरीत रस्त्याचं पाणी चेंबरच्या तोंडाशी, ओढ्यात पडायच्या आधी, वेगळं गोळा करा. गाळाचे नमुने मात्र आजउद्याच घ्या, एकदा वाहून गेले की गेले. आणखी एक, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळा, नायट्रिक आम्ल नंतर घाला. उलट केलंत तर कणांवरचं जस्त सुटून विरघळलेल्यात मोजलं जाईल.

साठा खराच निघाला तर एसडब्ल्यूएमएममध्येच तो बाहेरून येणारी आवक म्हणून देता येतो. वाहत्या पाण्याचा तळावरचा ताण ठरावीक पातळीच्या वर गेला की आवक सुरू, साठा संपला की बंद, हा हिशोब बाहेर एका छोट्या प्रोग्रॅममध्ये करायचा. गुणांक वाढवून आलेख जुळवू नका. उद्या कोणी त्याच मॉडेलवरून ‘रस्ते जास्त झाडा’ असा सल्ला देईल आणि गाळ जिथल्या तिथे राहील. आणि पाऊस चालू असताना पात्रात उतरू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा किती झपाट्याने चढला ते सगळ्यांनी पाहिलंय.

धागाकर्ती

खूप आभार! वाहकतेचं सुचलंच नव्हतं, मीटर विभागात आहे. गाळ उद्याच काढते, नमुने पुलावरूनच दोरीला बादली बांधून घेईन.

आता एकच अडतंय, पावसाचे आकडे. वळीव कात्रजला कोसळतो आणि शिवाजीनगरला थेंब नसतो, त्यामुळे तिथल्या केंद्राची नोंद माझ्या कामाची नाही. कात्रज, धनकवडी, पद्मावती या बाजूला कोणाच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे का? किंवा माझ्याकडचा एक साधा मापक ठेवून, सर चालू असताना दर दहा मिनिटांनी आकडा लिहून ठेवायला कोणी तयार आहे का? असेल तर कृपया इथेच कळवा, मी मापक घेऊन येते.