टूरिंगची जड गाडी घेऊन ट्रॅक डेला जावं का? एफजेआर १३०० आहे

लांबपल्ला

मंडळी नमस्कार, बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारतो. माझ्याकडे यामाहा एफजेआर १३०० आहे, साधं ए मॉडेल, इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन नसलेलं. टूरिंगसाठीच घेतली होती आणि त्या कामात तिला तोड नाही, दिवसभर चालवा, पाठ कुरकुर करत नाही. पण वळणावळणाच्या रस्त्यावर आता असं जाणवायला लागलंय की गाडी अजून बरंच काही करू शकते आणि मला तेवढं येत नाही, आणि ते शिकायची जागा पब्लिक रोड नक्कीच नाही, वळणापलीकडे वाळू आहे की ट्रक आहे काय सांगता येतं. म्हणून ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते तो दिवस, करायचा विचार आहे, नवशिक्यांच्या ग्रुपमध्ये.

पण ज्याला विचारावं तो म्हणतो ट्रॅकवर सुपरस्पोर्टच (रेसच्या धाटणीची हलकी गाडी) पाहिजे, तुझी गाडी टाकी भरल्यावर २९० किलो, उगाच सगळ्यांच्या वाटेत येशील. खरंच तसं आहे का? ब्रेक, टायर, शाफ्ट (चेनऐवजी मागचं चाक फिरवणारा दांडा) यांची वाट लागेल का? आणि जायचंच ठरवलं तर तयारी काय काय करू? एक गोष्ट लक्षात घ्या, संध्याकाळी त्याच गाडीवर घरी यायचंय, ट्रेलर वगैरे नाही. टायर स्पोर्ट टूरिंगचेच आहेत, अर्धे संपलेले.

कॉर्नरवेडा

बिनधास्त जा रे. वाटेत येशील हे जे कोणी सांगतंय त्यांनी नवशिक्यांचा ग्रुप बघितलेला दिसत नाही, तिथे सरळ रस्त्यावर सुसाट जाणाऱ्या आणि कॉर्नरच्या ५० मीटर आधीच गारठणाऱ्या सुपरबाइक ढिगाने असतात. एफजेआरवर नीट लाइन, म्हणजे वळणातला आपला मार्ग, धरणारा माणूस तिथे आरामात मधल्या फळीत चालतो.

वजनाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो तो आधी काढून टाक. कॉर्नरमध्ये गाडी किती झुकवावी लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या यावर ठरतं, वजन त्या गणितात येतच नाही. १०० मीटर त्रिज्येचं वळण १०० किमी वेगाने घेतलंस तर ढोबळमानाने ३८ अंश लीन (झुकाव) लागतो, मग गाडी १७० किलोची असो की २९० ची. तेच वळण ११० ने घेतलंस तर ४४ अंशांच्या आसपास जातं. म्हणजे वेग १० टक्केच वाढला पण लीन सहा अंशांनी वाढला, आणि टूरिंग गाडीत हेच सहा अंश नसतात, कारण पेग (पाय ठेवायच्या दांड्या) खाली असतात, प्रवास आरामात व्हावा म्हणून. तेव्हा तुझी खरी मर्यादा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा खालचा भाग आणि रस्ता यांतली जागा, आहे हे डोक्यात ठेव. पेग टेकला की खर्र आवाज येतो, टाचेखाली थरथर जाणवते आणि पेग वर दुमडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ती सूचना आहे. पण ती ऐकूनही अजून झुकवत राहिलास तर पुढचा नंबर मेन स्टँडचा किंवा सायलेन्सरचा, आणि ते दुमडत नाहीत, ते टेकले की मागचं चाक उचलून गाडी सरळ खाली पडते. एकदा घासलं की त्या कॉर्नरला तेवढंच, पुढच्या लॅपला वेग न वाढवता अंग आत काढून बघ.

वजन जिथे खरोखर छळतं ती जागा म्हणजे ब्रेकिंग. हे नीट समजून घे कारण तुझा सगळा दिवस यावर अवलंबून आहे. गाडी, तू आणि अंगावरचं सामान धरून ३८० किलो होतात, २०० किलोच्या सुपरबाइकवर हेच २९० भरतात, म्हणजे त्याच वेगावरून थांबताना तुझे ब्रेक त्यांच्यापेक्षा ३० टक्के जास्त उष्णता खातात. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, २०० वरून १०० वर आलास तर वेग निम्माच कमी झाला पण पाऊण ऊर्जा डिस्कमध्ये गेली. दर लॅपला दोन-तीनदा हे झालं की ब्रेक ऑइल तापतं, उकळायला लागलं की लिव्हर मऊ होतं आणि हँडलच्या जवळ जवळ यायला लागतं. लिव्हर पहिल्यापेक्षा एक बोट जरी आत आलं असं वाटलं तर तो लॅप हळू काढ, ब्रेकला हवा लागू दे आणि पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे) ये. उपाय सोपा आहे, सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत थ्रॉटल पिळायचाच नाही. वळणाआधी अंतर दाखवणाऱ्या मार्कर बोर्डच्या बऱ्याच आधी सोड, लवकर आणि एकसारखा ब्रेक लाव, गाडी पुढच्या फोर्कवर नीट बसली की मग वळव. सरळ रस्त्यावरचा टॉप स्पीड तुला काही शिकवणार नाही, तू कॉर्नर शिकायला चाललायस.

आणि गिअर उगाच बदलत बसू नकोस. १२९८ सीसीचं इंजिन आहे, अख्खा ट्रॅक तिसऱ्या-चौथ्यात निघतो. डोकं मोकळं राहिलं की नजर लांब जाते.

पानाबोल्ट

वर राइडिंगचं झालंय, मी गाडीचं सांगतो.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल, पुढचं मागचं दोन्ही. डॉट ४ नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी धरलेल्या ऑइलचा किमान आकडा १५५ वर येतो. दोन वर्षांपूर्वी बदललेलं ऑइल रस्त्यावर उत्तम चालतं आणि ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला हात वर करतं. डॉट ५.१ घातलं तरी चालेल, २६० आणि १८० आकडे आहेत त्याचे, पण नुसतं डॉट ५ असं लिहिलेली बाटली घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, या सिस्टिमचं नाही. पॅड निम्म्याच्या खाली असतील तर नवीन टाका आणि जायच्या आधी दोनशे-तीनशे किमी रस्त्यावर चालवून बसवा. रेसचे पॅड नकोत, ते थंड असताना धरत नाहीत आणि तुम्हाला त्याच गाडीवर घरी यायचंय.

बॉक्स आणि त्यांचे ब्रॅकेट काढा. मेन स्टँड काढा, हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि क्लिअरन्सला सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. पेगच्या खाली जे लांब बोल्ट लोंबतात त्यांच्याबाबत लोकांची दोन मतं आहेत, माझ्या मते ते राहू द्या, ते आधी टेकतात म्हणून तुम्हाला कळतं. मागच्या शॉकचं लिव्हर हार्डवर टाका, पुढे प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) थोडा वाढवा, रिबाउंड (दबलेली स्प्रिंग किती सावकाश परत येते ते) दोन क्लिक घट्ट करा. यापेक्षा जास्त खेळू नका, पहिल्याच दिवशी सगळं बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

आरसे काढा नाहीतर टेप मारा, हेडलाइट टेललाइट इंडिकेटरवर टेप. टाकी २५ लिटरची आहे, ती काठोकाठ भरून जाऊ नका, निम्मी ठेवली तर नऊ किलो वाचतात आणि तेही वरच्या बाजूचे.

टायर अर्धे आहेत तर चालतील, टायर आधी तापवायचे वॉर्मर वगैरे लागत नाहीत, पहिले दोन लॅप शांतपणे घ्या की झालं. हवा मात्र कमी करा. कंपनीचं पुढे ३९ आणि मागे ४२ पीएसआय आहे ते माणसं-सामान लादून हायवेवर जायला आहे, ट्रॅकवर टायर तापून प्रेशर अजून चढतं. मी ३० आणि ३० वर ठेवायला सांगेन.

आरटीवाली

पानाबोल्ट, बाकी सगळं पटलं पण ३०/३० ला माझा ठाम विरोध आहे. तो आकडा हलक्या गाड्यांचा आणि हायपरस्पोर्ट टायरचा आहे. ३८० किलो भार घेऊन स्पोर्ट टूरिंगचा टायर तेवढा मऊ ठेवला तर त्याची भिंत वाकत राहते, आतून नको तेवढा तापतो आणि गाडी टर्न इनला (वळणात शिरताना) दलदलीत चालल्यासारखी वाटते. लांबपल्ला, तुम्ही सकाळी थंड टायरवर दोन्हीकडे चार-पाच पीएसआय कमी करून सुरुवात करा, सेशन संपून पिटमध्ये आल्या आल्या, हेल्मेट काढायच्याही आधी, गरम टायर मोजा आणि तिथून ठरवा. सर्किटवर टायरवाले बसलेले असतील तर तुमच्या टायरचं नाव सांगून त्यांना विचारा, त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. आणि निघायच्या वेळी हवा परत भरा, दमलेला माणूस हे हमखास विसरतो.

मी बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी ट्रॅकवर चालवते, ती तुमच्यापेक्षा फार हलकी नाही, रुंद तर जास्तच आहे, त्यामुळे बसण्याबद्दल थोडं सांगते. सरळ हँडलच्या गाडीवर गुडघा जमिनीला लावायच्या मागे लागू नका, त्याचा काही उपयोग नाही. अर्धी सीट सोडायची, बाहेरचा गुडघा टाकीला घट्ट चिकटवायचा आणि छाती आतल्या आरशाच्या जागेकडे न्यायची, त्याने त्याच वेगाला गाडी कमी झुकते, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. पंजाचा पुढचा भाग पेगवर ठेवा, रस्त्यावर बसतो तसा पाऊल मधोमध ठेवून बसलात तर बुटाचं टोक आधी घासेल. हातात जोर नको. हात दुखायला लागले तर समजा की तुम्ही हँडलला लटकताय, पायांनी आणि टाकीने धरत नाही आहात. काच एकदम खाली करा, वर ठेवली तर ब्रेकिंगला पुढे झुकताना नजरेत येते.

ब्रीफिंगमध्ये झेंडे सांगतात ते खरंच कान देऊन ऐका. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की धडकन ब्रेक न मारता हात वर करून हळूहळू पिटकडे, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे रस्ता निसरडा आहे, काळा तुम्हाला दाखवला तर आत या, गाडीचं काहीतरी गळत असू शकतं. पुढच्याची लाइन त्याची असते, पास करणाऱ्याने जागा शोधायची, म्हणून मागून आवाज आला तरी बाजूला होऊ नका, आपली लाइन धरून चला, मागचा जातो बरोबर. जड गाडीवाले बिचारे सभ्यपणा म्हणून लाइन सोडतात आणि धोका तिथेच होतो.

आणि दमणूक. जड गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला पलटवायला ताकद लागते, लागोपाठ डावं-उजवं वळण असेल तिथे मांड्या बोलायला लागतात. प्रत्येक सेशननंतर पाणी प्या, तहान नसली तरी. दुपारनंतर एकाच कॉर्नरला दोनदा लाइन चुकली की त्या दिवसापुरतं बास करा, शेवटचं सेशन सोडलं तर काही बिघडत नाही, घरी गाडी चालवायची आहे.

कपडे बघून ठेवा. टूरिंगचं टेक्स्टाइल जॅकेट बहुतेक ठिकाणी चालत नाही, लेदरचा वन पीस किंवा कमरेभोवती पूर्ण चेन लागणारा टू पीस लागतो. सूट भाड्याने मिळतो का ते आधी विचारा, पहिल्या दिवसासाठी विकत घेऊ नका.

लांबपल्ला

खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मेन स्टँड आणि ब्रेक ऑइल या शनिवारीच करतो. तीन शंका उरल्यात. शाफ्टचं कोणी बोललंच नाही, कॉर्नरमध्ये थ्रॉटल सोडला तर मागून गाडी बसते असं ऐकलंय. दुसरं, माझ्या गाडीत ब्रेक लिंक्ड आहेत, मागचं पेडल दाबलं की पुढेही थोडा लागतो, त्याचं काय करू? आणि नोंदणीच्या कागदात लिहिलंय की कुलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) ग्लायकॉल, म्हणजे ते गोठू न देणारं रसायन, नको, ते कशासाठी?

कॉर्नरवेडा

बरोबर ऐकलंयस. शाफ्टच्या गाडीत थ्रॉटल दिला की मागची बाजू उचलली जाते आणि बंद केला की बसते. बीएमडब्ल्यूने हे कमी करायला १९८७ मध्ये पॅरालीव्हर आणला, कावासाकीच्या १४०० जीटीआरमध्ये टेट्रालीव्हर आहे तोही त्याच कामाचा. तुझ्या गाडीत असं काही नाही, पण घाबरण्याइतका परिणामही नाही. फक्त एवढं कर की कॉर्नरच्या मधे थ्रॉटल झटक्यात सोडू नकोस, कारण आधीच झुकलेली गाडी मागून बसली की उरलासुरला क्लिअरन्स जातो आणि पेग टेकायचा तिथे स्टँडचा ब्रॅकेट टेकतो. आत जाताना वेग जरा कमीच ठेव आणि वळायला लागल्यापासून हलका थ्रॉटल धरून ठेव, बाहेर पडताना तो वाढवत ने. जास्त वेगाने आत शिरलास तरी थ्रॉटल फाडकन बंद करायचा नाही, नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेवायची आणि वळणाच्या आतल्या बाजूचं हँडल अजून थोडं पुढे ढकलायचं.

लिंक्ड ब्रेकचं म्हणशील तर मागच्या पेडलला ट्रॅकवर हात, म्हणजे पाय, लावूच नकोस. झुकलेला असताना चुकून दाबलंस तर पुढच्या चाकावर न मागितलेला ब्रेक येतो, आणि तुझं एबीएस लीन अँगल बघत नाही. ते चालू मात्र ठेव, सरळ रेषेतल्या ब्रेकिंगला तेच वाचवतं. ट्रॅक्शन कंट्रोलही चालू.

पानाबोल्ट

आरटीवाली, प्रेशरचं मान्य, माझे आकडे सहाशे सीसीवाल्यांच्या सवयीचे होते, लांबपल्ला तुम्ही त्यांचंच ऐका.

कुलंटचं असं आहे की ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं तर तेलासारखं निसरडं होतं आणि पाण्यासारखं वाळत नाही, मागून येणारे पाच जण त्यावर घसरतात आणि साफ करायला सगळा ट्रॅक थांबवावा लागतो. म्हणून सिस्टिम धुऊन काढून त्यात डिस्टिल्ड पाणी भरायचं, बरोबर ग्लायकॉल नसलेलं गंज न धरणारं ॲडिटिव्ह टाकायचं. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. घरी आल्यावर त्याच आठवड्यात नेहमीचं कुलंट परत भरा, नुसत्या पाण्यावर गाडी उभी ठेवू नका, थंडीत गोठलं तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. जाताना सोबत प्रेशर गेज, हवेचा छोटा पंप, टेप आणि आरसे परत बसवायला लागणारा पाना एवढं घ्या. मेन स्टँडचे बोल्ट आणि स्प्रिंग एका डब्यात नाव लिहून ठेवा. आणि इन्शुरन्सची पॉलिसी जायच्या आधी वाचा, ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा त्यात धरलेलं नसतं.