डिझाइनचं काम बाहेर देऊन पैसे वाचवावेत काय?

उद्यमबागवाला:
बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांसाठी आम्ही तिघं अ‍ॅप काढालोय, दुकानदाराची साडीची ऑर्डर थेट विणकराकडं यावी म्हणून. पैसा बेताचाच. डिझायनर नोकरीला ठेवायचा तर दर महिन्याला पगार आला, आणि बाहेरचा एकजण लोगोसकट सगळे स्क्रीन ४० हजारांत करून देतो म्हणालाय. माझं मत सरळ आहे, बाहेर द्यावं, उरलेले पैसे विणकर जोडण्यात घालावेत. पार्टनर ऐकंना.

वडगावची अक्का:
पार्टनरचं बरोबर आहे. आमच्या घरी चार पॉवरलूम आहेत म्हणून सांगते. मागं असंच एक अ‍ॅप घेतलेलं, मराठीतली वरची वेलांटी कापलेली, कन्नडची खालची जोडाक्षरं छाटलेली, आणि लूम चालू असताना फोनची रिंग ऐकूच येत नाही तर ऑर्डर आलेली बाबांना कळायची कशी? आठवड्यात काढून टाकलं. करणारा एकदा येऊन लूमजवळ उभारला असता तर कळलं असतं की.

टिळकवाडीकर:
सरसकट असं नको अक्का. नाइकेचा लोगो १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं ३५ डॉलरला करून दिला, बाहेरचंच काम ते. आणि आपले धातू ओतणारे फाउंड्रीवाले बघा, कितीजण पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बाहेरून करून घेतात, धंदा अडलाय काय कुणाचा?

खानापूरकर:
अण्णा, पॅटर्न बाहेर जातो तेव्हा सोबत ड्रॉइंग जातं. माप ठरलेलं, धातू थंड होताना किती आकसणार तेही धरलेलं. यांच्या अ‍ॅपचं ड्रॉइंग कुठाय? लोकांची घरं राहायला भाड्यानं मिळवून देणारी एअरबीएनबी काढणाऱ्या तिघांतले दोघं डिझाइन शिकलेले, तरी २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन लोकांच्या घरांचे फोटो स्वतः काढले त्यांनी, तिथं राहून बघितलं काय अडतंय ते. ते बघायचं काम ४० हजारांत कोण करून देणार?

कॅम्पातला वकील:
एक गोष्ट सगळेच विसरालाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ बघा, नोकरीतल्या माणसानं नोकरीचं काम म्हणून लोगो काढला तर एरवी हक्क मालकाचा, बाहेरच्यानं काढला तर पैसे देऊनसुद्धा हक्क त्याच्याकडंच राहतो. लिहून, सही करून घ्यावा लागतो, आणि मुदत घातली नाही तर ५ वर्षांचाच धरतात. पुढं गुंतवणूकदार पहिला हाच कागद मागतो.

उद्यमबागवाला:
कागदाचं खरंच डोक्यात नव्हतं, करून घेतो. ड्रॉइंगचं पण पटलं. तरी पगार परवडत नाही हो, तिथं मी ठाम आहे.

वडगावची अक्का:
पगार कोण द्या म्हणालंय? स्क्रीन कागदावर पेन्सिलनं काढा आणि रविवारी घरी या. बाबांच्या हातात देऊया, कुठं बोट थांबतंय ते तुम्हीच बघा. मग तेच कागद त्या ४० हजारवाल्याला द्या.