रिसेप्टर: ग्राही, ग्राहक की खोबण?

रानवाट:
धोतऱ्याच्या विषबाधेवर गावकऱ्यांसाठी पत्रक करतेय. एका वाक्यावर अडले. धोतऱ्यातली अॅट्रोपिन, स्कोपोलमाइन ही द्रव्यं अॅसिटिलकोलीन या चेतापेशींचा निरोप नेणाऱ्या द्रव्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतात, पण त्याला चालना देत नाहीत. म्हणून बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो. रिसेप्टरला मी 'ग्राहक' लिहिलं, तर आईला गिऱ्हाईक वाटलं.

शाईपेन:
'ग्राही' लिहा. धातू ग्रह्, म्हणजे घेणे. ग्राहक त्याचाच भाऊ, पण तो बाजारात गेला.

बांधावरून:
आमच्या शिवारात 'ग्राही' कुणाला कळणार? सुताराचा 'खोबण' शब्द आहे की.

शाईपेन:
खोबण जिथल्या तिथे राहते. रिसेप्टर हे प्रथिन आहे. नेमकं द्रव्य बसलं की त्याचा आकार बदलतो आणि पेशीच्या आत निरोप जातो. सोपं करताना हे हरवू नका, एवढीच कळकळ.

खलबत्ता:
मी औषधशास्त्र शिकवते, वर्गात रिसेप्टरच म्हणते. खरी अडचण नामाची नाही, क्रियापदाची आहे. अफूतलं मॉर्फिन बसतं आणि काम सुरू करतं. धोतरा नुसती जागा अडवतो, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसा: बसलं कुणी नाही, पण दुसऱ्यालाही बसता येत नाही. आणि सगळ्या वनस्पतींना एकच वाक्य लावू नका. सर्पगंधेतलं रेसरपिन रिसेप्टरवर काम करत नाही. चेतापेशीत डोपामिन, सेरोटोनिन ही निरोप नेणारी द्रव्यं पिशव्यांत भरून ठेवतात, ती भरणीच ते बंद पाडतं.

रानवाट:
'जागा अडवतो' घेतलं! आता 'नशा चढते' लिहू की 'भूल पडते'?

बांधावरून:
भूल. आजी म्हणायची, धोतऱ्यानं माणसाला भूल पडते, घरची माणसं ओळखू येत नाहीत.

खलबत्ता:
नको. भूल म्हटलं की वाचकाला भूलतज्ज्ञ आठवतो, ऑपरेशन आठवतं. 'भ्रम होतो' लिहा.

शाईपेन:
आजीची भूल जुनी आहे. ऑपरेशनची नंतर आली.

बांधावरून:
आजी असंही सांगायची की धोतरा हे नाव धोतरावरून पडलं. कळी पाहा, पिळून ठेवलेल्या धोतरासारखीच असते.

शाईपेन:
कळीचं वर्णन शंभर टक्के मान्य, व्युत्पत्ती नाही. संस्कृत धत्तूर, त्यावरून धोतरा. वनस्पतिशास्त्रातलं डाट्युरा हे नावही आपल्याकडूनच गेलेलं.

बांधावरून:
कळी हातात घेऊन बघा, मग बोलू.

रानवाट:
पत्रक उद्या छापायला जातंय. ग्राही की रिसेप्टर?