मदत हवी आहे: लहान मुलांना कीबोर्ड शिकवताना बोटं आणि सुरांची नावं

नमस्कार मंडळी, मुलगी सहा वर्षांची आणि भाचा पाच, दोघांना घरीच कीबोर्डची सुरुवात करून देतेय. मी पेटी शिकलेय, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) जेमतेम येतं. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी म्हणजे सी (पाश्चात्त्य पद्धतीतला सूर), हे दोघांना लगेच कळलं, आता 61 पट्ट्यांवर सगळे सी शोधत बसतात.

अडतंय ते बोटांवर. अंगठा 1, करंगळी 5 असं कितीदा सांगितलं तरी भाचा सगळं एका तर्जनीनेच टकटक वाजवतो, आणि मुलीची करंगळी दाबताना आडवी पडते, मनगटही खाली लोंबतं. आत्ताच टोकायचं की जाऊ दे?

दुसरं म्हणजे सुरांची नावं सारेगम शिकवू की सीडीई, कारण सा कुठल्याही पट्टीत धरता येतो आणि सी जागचा हलत नाही, पोरं गोंधळतील ना? स्टिकर लावायला मन होत नाही, मग ती स्टिकरच वाचत बसतील (मीही तेच केलं असतं म्हणा). टाळ्या वाजवत चार मात्रा मोजणं मस्त जमतंय, पण मेट्रोनोम (टकटक करून लय देणारं यंत्र) लावला की त्याच्याशी शर्यत सुरू 😄

एवढ्या लहानांना कोणी शिकवलंय का? एका वेळी किती मिनिटं बसवता?