मदत हवी आहे: एमआरआयमध्ये (मेंदूच्या फोटोत) बायपोलर हा मनाचा आजार दिसत नाही, हे आबांना कसं समजवू?
भाचा 15 वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. चार रात्री झोपला नाही, पहाटे तीनला गोठा झाडत होता. मग महिनाभर अंथरुणातून उठेना. मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर सांगितलं. लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत, रक्ततपासणीही वेळेवर होते. देवऋषी करून झाला, तो विषय नको.

आबांचा एकच हेका: नागपूरला नेऊन डोक्याचा फोटो काढा, नाहीतर गोळ्या बंद. जीव तुटतो त्यांचा, कळतं मला. मी सांगितलं, मेंदूतला भावना पेटवणारा भाग, अमिग्डाला, जास्त भडकतो, त्याला आवरणारा कपाळामागचा भाग या वयात अजून घडतोय. पण हा फरक अनेक मुलांच्या सरासरीत दिसतो, एकट्याच्या फोटोवरून निदान होत नाही. पटत नाही त्यांना.

तुमच्या घरच्या थोरल्यांना हे वऱ्हाडीत नेमकं कोणत्या शब्दांत पटलं?